एका पावसाळ्यावर जगणारा मासा: केरळच्या तारलीच्या घसरणीचे प्रकरण, 2012 ते 2024

2012 मध्ये केरळच्या बंदरांवर आणि उघड्या किनाऱ्यांवर मिळून जवळजवळ 4 लाख टन तारली उतरली. नऊ वर्षांनी, 2021 मध्ये, त्याच किनाऱ्यावर त्याच माशाची वर्षभराची आवक 3,297 टन भरली. 2011 च्या जनगणनेत केरळची लोकसंख्या 3 कोटी 34 लाख होती. त्या हिशेबाने पहिल्या वर्षी माणशी सुमारे 12 किलो तारली किनाऱ्याला लागली आणि दुसऱ्या वर्षी माणशी 100 ग्रॅम. केरळात उतरलेली सगळी तारली केरळातच खाल्ली जात नाही. बरीच परराज्यांत आणि फिशमीलच्या (मासळी वाळवून-दळून पशुखाद्य बनवणाऱ्या) कारखान्यांत जाते. हे धरूनही एवढी घट एखाद्या वाईट हंगामाच्या नावावर टाकता येत नाही. त्यानंतर जे घडले ते समजायला आणखी अवघड आहे. 2022 मध्ये आवक पुन्हा एक लाख टनांच्या वर गेली.

या प्रकरणाकडे पाहणारे बहुतेक जण दोनपैकी एक उत्तर हाताशी धरतात. पहिले उत्तर असे की मच्छीमारांनी हावरेपणाने मासा संपवला. दुसरे असे की समुद्र तापला, मासा निघून गेला आणि त्यात कोणाचाच दोष नाही. उपलब्ध आकडे आणि या माशाचे जीवनचक्र एकत्र वाचले की दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात, असे माझे मत आहे. तारली येणार की नाही हे मुख्यतः पावसाळा ठरवतो; पण ती गेल्यावर घसरण किती खोल जाते आणि किती वर्षे टिकते, हे बऱ्याच अंशी आपण तिची पिल्ले कोणत्या लांबीला उचलतो यावर अवलंबून असते. आपले नियम नेमके याच ठिकाणी ढिले आहेत.

मासा आणि त्याचे वर्ष

येथे विचार केला आहे तो तेलकट तारलीचा, शास्त्रीय नावाने सार्डिनेला लाँगिसेप्सचा. मलबारात तिला मत्ती म्हणतात, दक्षिण केरळात चाळा, मंगळूरकडे भूताई आणि गोव्यात तारले. जगभर सार्डिन या एका नावाखाली अनेक जाती मोडतात. डबाबंद होऊन येणारी युरोपातली सार्डिन ही वेगळी जात आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या थव्यांनी येणारी, पावसाळ्यानंतर अंगात भरपूर तेल साठवणारी ही तारली भारतीय सागरी मासेमारीत कित्येक वर्षे एकटीच सर्वाधिक आवकेची जात राहिली आहे. 2012 मध्ये देशभरातील तिची आवक 7 लाख टनांच्या पुढे होती.

तिचे आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचे असते. पहिल्या वर्षातच ती सुमारे 15 सेंटिमीटर लांबीला प्रजननक्षम होते आणि पूर्ण वाढ झाली तरी 20 सेंटिमीटरच्या आसपास थांबते. अंडी घालण्याचा तिचा मुख्य काळ नैर्ऋत्य मोसमी पावसाचा, म्हणजे जून ते ऑगस्ट. याच महिन्यांत वाऱ्याच्या जोरावर केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या खालच्या थरातले थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, त्यावर डायाटमसारखे सूक्ष्म वनस्पतिप्लवक माजते आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना चारा मिळतो. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ही पिल्ले थव्याने किनाऱ्याजवळ येतात, चरून पोसतात आणि वर्ष संपण्याच्या सुमारास बाजाराच्या आकाराची होतात.

हा मेळ नाजूक आहे. वारा कमी पडला तर खालचे पाणी पुरेसे वर येत नाही आणि चारा निर्माण होत नाही. वारा फार झाला तर वर येणाऱ्या पाण्याबरोबर प्राणवायू नसलेले थरही किनाऱ्यापर्यंत सरकतात आणि थवे तिथून दूर जातात. त्यामुळे चांगला पाऊस म्हणजे चांगली तारली, असे सरळ समीकरण इथे लागू होत नाही. दहा-पंधरा वर्षे जगणाऱ्या माशात एका वर्षाची वीण वाया गेली तरी मागच्या वर्षांची प्रौढ मासळी पाण्यात शिल्लक असते. तारलीच्या थव्यात मात्र सतत एकाच, फार तर दोन वर्षांची पिढी असते. एक पावसाळा फसला की पुढच्या वर्षीची आवकच बुडते, आणि पाठोपाठ दुसराही फसला तर अंडी घालायलाही मासे उरत नाहीत.

घसरण नवी नाही

जेम्स हॉर्नेल आणि एम. रामस्वामी नायुडू यांनी 1920 च्या दशकात मद्रास मत्स्यखात्यासाठी मलबारच्या तारलीचा अभ्यास केला. तारलीच्या पोटात सापडणारे चाऱ्याचे प्रकार आणि त्या हंगामातला मासेमारीचा जोर यांचा संबंध त्यांनी तेव्हाच मांडला होता. फ्रॅजिलेरिया ओशियानिका नावाचा डायाटम भरपूर दिसला की तारलीही भरपूर येते, हे निरीक्षण पुढे 1950 च्या दशकात अधिक पक्के झाले. त्या काळी तारलीची मोठी किंमत तिच्या तेलात होती. मलबारच्या किनाऱ्यावर भट्ट्यांवर तारली उकळून तेल काढत, ते तेल होड्यांच्या लाकडाला लावत, दिव्यात जाळत, निर्यात करत, आणि उरलेला चोथा खत म्हणून कॉफीच्या मळ्यांना आणि नारळीच्या बागांना जाई. इतका मुबलक मासा असूनही 1940 च्या दशकात तो जवळजवळ दिसेनासा झाला आणि 1943 मध्ये तत्कालीन मद्रास सरकारने लहान आणि अंडी धरलेल्या तारलीच्या मासेमारीवर निर्बंध घातले.

ही नोंद माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. 1940 च्या दशकात वल्ह्यांच्या होड्या होत्या आणि सुती जाळी होती. यंत्र नव्हते, नायलॉन नव्हते, थवा शोधणारे उपकरण नव्हते. तरीही मासा गेला. तेव्हा केवळ अतिमासेमारीने तारली नाहीशी होते, असे म्हणणाऱ्याने या दशकाचे स्पष्टीकरण दिले पाहिजे. पुढे 1994 मध्येही केरळची आवक दीड हजार टनांच्या आसपास घसरली होती आणि त्यानंतरच्या काळात ती पुन्हा लाखांत गेली. कोचीच्या समुद्रपातळीच्या जुन्या नोंदी आणि तारलीची आवक यांचा संबंध 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवला गेला. पावसाळ्याआधी समुद्राची पातळी कशी आहे यावरून पाण्याच्या थरांची स्थिती आणि त्यावरून पुढच्या तारलीचा अंदाज बांधता येतो, असा त्याचा आशय होता. मत्स्यशास्त्रज्ञ बी. टी. अँटनी राजा यांनी त्याआधीच अंडी घालण्याच्या दिवसांतला पाऊस आणि पुढील हंगामाची आवक यांचा मेळ तपासला होता. म्हणजे जवळपास शंभर वर्षे वेगवेगळ्या वाटांनी गेलेले अभ्यासक पावसाळ्यापाशीच येऊन पोहोचतात.

2012 नंतरची वर्षे

कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभरातील उतरण्याच्या ठिकाणांवर ठरलेल्या पद्धतीने नमुने घेऊन आवकेचे अंदाज काढते. त्या मालिकेत केरळच्या तारलीचे आकडे असे दिसतात. 2012 च्या शिखरानंतर 2013 मध्ये आवक अडीच लाख टनांच्या खाली आली, 2014 मध्ये दीड लाखाच्या आसपास, 2015 मध्ये 68 हजार आणि 2016 मध्ये 46 हजार टन. 2017 मध्ये ती 1 लाख 27 हजारांपर्यंत चढली. मासा परत आला म्हणून किनाऱ्यावर त्या वर्षी हायसे वाटले होते. पण 2018 मध्ये 77 हजार, 2019 मध्ये 44 हजार, 2020 मध्ये 13 हजार आणि 2021 मध्ये 3,297 टन अशी ती पुन्हा उतरत गेली.

या उताराचे दोन टप्पे वेगळे काढले पाहिजेत. पहिल्या टप्प्याची सुरुवात भरभराटीतच झाली. 2010 ते 2013 या वर्षांत जितकी तारली काढली गेली ती साठा टिकवून काढता येण्याजोग्या मर्यादेच्या वर होती, असा निष्कर्ष संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नंतर काढला. त्यात अंडी धरलेले मासेही होते आणि पिल्लेही. त्यानंतर समुद्र तापत गेला आणि 2015-16 चा प्रबळ एल निनो आला. अंडाशय नीट भरले नाहीत, वीण फसली, थवे विखुरले. एल निनो 2012 च्या आधी आला असता तरी आवक घटलीच असती; पण तो आला तेव्हा पाण्यात प्रौढ मासळीची शिल्लक कमी होती, म्हणून फटका मोठा बसला. दुसरा टप्पा 2017 नंतरचा. त्या वर्षी आलेल्या पिढीला पूर्ण वाढून एकदा तरी अंडी घालू दिली असती तर 2018 ते 2021 ची घसरण इतकी खोल गेली नसती, असे मला वाटते. हे सिद्ध करता येणार नाही, कारण तसा प्रयोग झालाच नाही. तारलीचे आयुष्य पाहता मात्र हाच तर्क सर्वांत सरळ आहे.

येथे आकड्यांबद्दल एक खबरदारी घ्यायला हवी. हे आकडे किनाऱ्याला उतरलेल्या मासळीचे आहेत, समुद्रातल्या मासळीचे नाहीत. थवे खोल पाण्यात गेले किंवा दक्षिणेकडे सरकले तर किनारी जाळ्यांच्या हिशेबात ते संपल्यासारखे दिसतात. गेल्या काही दशकांत ही तारली तमिळनाडू आणि आंध्रच्या पूर्व किनाऱ्यावरही मोठ्या प्रमाणात मिळू लागली आहे. पूर्वी ती तिथे अशी मिळत नसे. 2021 मधील आवकेचा काही भाग अशा सरकण्याने कमी दिसला असण्याची शक्यता मी नाकारत नाही. तरीही 4 लाखांवरून 3 हजारांवर येण्याचे कारण केवळ स्थलांतर असू शकत नाही, कारण आसपासच्या कोणत्याही किनाऱ्यावर एवढी जास्तीची तारली उतरल्याची नोंद नाही.

जाळे आणि देणे

केरळात तारली मुख्यतः रिंगसीनने पकडतात. 1980 च्या दशकाच्या मध्यावर हे वेढा जाळे तिथे रुजले. त्याआधी काही वर्षे होड्यांना बाहेरून लावायची इंजिने आली होती. थवा दिसला की त्याभोवती जाळे फिरवायचे आणि खालची दोरी ओढून तोंड बंद करायचे, ही पद्धत पर्ससीनसारखीच आहे. पर्ससीनला केरळच्या किनारी पाण्यात मनाई आहे, रिंगसीनला मात्र पारंपरिक मच्छीमारांचे साधन मानले गेले. सुरुवातीला ही जाळी दोन-तीनशे मीटर लांबीची होती; पुढे ती हजार मीटरच्या पलीकडे गेली, होड्या मोठ्या झाल्या, आत बसवलेली इंजिने आली आणि एका होडीवर चाळीसपेक्षा जास्त खलाशी जाऊ लागले. तारलीसाठी जाळ्याचा आस, म्हणजे छिद्राचा आकार, साधारण 20 मिलिमीटरचा असतो, मांदेलीसारख्या बारीक मासळीसाठी त्याहून फार लहान. आणि लहान आसाच्या जाळ्यात तारलीची पिल्ले सहज अडकतात.

या खलाशांना पगार नसतो. इंधन, जेवण आणि लिलावाची दलाली वजा करून उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. होडी आणि जाळे घेण्यासाठी लागणारे भांडवल अनेकदा लिलाव करणारा दलाल देतो आणि त्या बदल्यात मासळी त्याच्यामार्फतच विकली जाते. 1984 मध्ये स्थापन झालेल्या मत्स्यफेडने, म्हणजे केरळच्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या महासंघाने, सहकारी पतपुरवठा आणि सहकारी लिलाव यांची सोय केली, तरी खासगी देणे पूर्णपणे सुटले नाही. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला पाण्यात फक्त 9 सेंटिमीटरची तारली दिसली तरी तो जाळे टाकतो. आपण टाकले नाही तर शेजारची होडी टाकेल, हे त्याला पक्के ठाऊक असते. याला हाव म्हणणे मला अन्यायाचे वाटते. फिशमीलचे कारखाने माणसाच्या ताटात न चालणारी बारीक मासळीही विकत घेतात, त्यामुळे पिल्लांना हमखास गिऱ्हाईक मिळते. ही मागणी नसती तर पिल्लांनी भरलेले जाळे ओढण्याचा खर्चसुद्धा निघाला नसता.

पावसाळ्याच्या बंदीचा प्रश्न इथेच येतो. केरळात 1988 पासून पावसाळ्यात ट्रॉलिंगला, म्हणजे यांत्रिक बोटीमागे जाळे ओढत केलेल्या मासेमारीला, बंदी आहे. अलीकडे ती 9 जून ते 31 जुलै अशी 52 दिवसांची असते. रिंगसीनच्या होड्यांना ती लागू नाही. अळप्पुळाच्या बाजूला पावसाळ्यात चिखलाचे पट्टे तयार होतात, तिथे लाटा शांत होतात आणि मासळी गोळा होते. चाकर नावाने ओळखला जाणारा हा काळ पारंपरिक मच्छीमारांच्या वर्षभराच्या कमाईचा आधार आहे. पण नेमके तेच महिने तारलीच्या अंडी घालण्याचे आहेत. जैविक दृष्टीने रिंगसीनलाही बंदी असावी असे म्हणणे सोपे आहे. पावसाळ्यात दुसरे कोणतेच उत्पन्न नसलेल्या घरांना ती बंदी काय करील, याचे उत्तर दिल्याशिवाय असा सल्ला देण्याचा अधिकार कोणाला नाही. 2014 मध्ये केरळात तारलीपासून मिळालेले उत्पन्न सुमारे 608 कोटी रुपये होते, 2021 मध्ये ते 30 कोटींवर आले. छोट्या मच्छीमारांचे वर्षातले मासेमारीचे दिवस 237 वरून 140 वर उतरले. टोपली डोक्यावर घेऊन किंवा रिक्षातून घरोघर मासळी विकणाऱ्या बायकांचे नुकसान या आकड्यांत धरलेलेच नाही.

10 सेंटिमीटर की 15

पिल्लांच्या मासेमारीला आळा घालण्यासाठी 2015 मध्ये केरळ सरकारने काही जातींची किमान कायदेशीर लांबी ठरवली. असे करणारे ते देशातले पहिले राज्य होते. 2017 मध्ये ही यादी 58 जातींपर्यंत वाढवण्यात आली. तारलीसाठी मर्यादा आहे 10 सेंटिमीटरची. म्हणजे 10 सेंटिमीटरहून लहान तारली पकडणे, उतरवणे आणि विकणे हा गुन्हा आहे. अंमलबजावणी पथके अशी मासळी जप्त करतात आणि दंडही करतात.

नियम चांगला आहे, पण मर्यादा अपुरी आहे. तारली प्रजननक्षम होते 15 सेंटिमीटरच्या सुमारास. 11, 12 किंवा 14 सेंटिमीटरचा मासा कायद्याने वैध असला तरी त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. जानेवारी 2021 मध्ये, आवक तळाला गेलेली असताना, दक्षिण केरळच्या किनाऱ्याजवळ तारलीचे काही थवे दिसू लागले. संशोधन संस्थेने त्यांची तपासणी केली तेव्हा मासे 14 ते 16 सेंटिमीटरचे होते आणि अजून प्रजननक्षम झालेले नव्हते. हे मासे पकडू नका, त्यांना काही महिने द्या, असे आवाहन संस्थेने केले. बंदीचा आधार तिच्याकडे नव्हता, कारण कायद्याच्या दृष्टीने त्या माशांची लांबी पुरेशी होती. सगळे प्रकरण मला या एका घटनेत साठलेले दिसते. धोका शास्त्रज्ञांना दिसत होता, तो टाळण्याचा उपाय माहीत होता, किनाऱ्यावरच्या लोकांनाही तो पटण्यासारखा होता. फक्त तो अमलात आणण्याजोगा नियम हाताशी नव्हता. त्या आवाहनामुळेच 2022 मध्ये तारली परतली, असा दावा मी करत नाही. एक लाख टनांचे पुनरागमन मुख्यतः अनुकूल पावसाळ्याचे फळ मानावे लागेल.

लांबीच्या या फरकाला पैशाचीही बाजू आहे. माशाचे वजन लांबीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. 10 सेंटिमीटरची तारली दहा ग्रॅमच्या आसपास भरते. तीच 15 सेंटिमीटरची झाली की तिपटीहून जास्त भरते, आणि किलोमागे भावही चढा मिळतो. वाढीच्या या काळात काही मासे मोठ्या माशांच्या तोंडी जातात, हे वजा केले तरी काही आठवडे थांबण्यात मच्छीमारांचा एकत्रित फायदाच आहे. अडचण एकट्याने थांबण्याची आहे, म्हणूनच नियम लागतो.

ताटातली तारली

तारली महाग झाली तर लोक दुसरा मासा खातील, असे काही जण म्हणतात. हे म्हणणाऱ्यांनी ती कोणाच्या ताटात असते ते पाहावे. केरळात तारली हा रोजंदारीवरच्या घराचा रोजचा मासा आहे. मातीच्या भांड्यात लाल मिरची, कढीपत्ता आणि कुडमपुळीची आंबट फोड घालून शिजवलेले तिचे कालवण आणि उकडलेला कसावा हे तिथल्या असंख्य घरांचे पूर्ण जेवण असते. सुरमई किंवा पापलेट हा त्याला पर्याय होऊ शकत नाही; त्या भावाने ते त्या घरात पोहोचतच नाहीत. कोकणात आणि गोव्यात कुडमपुळीच्या जागी आमसूल येते आणि तिरफळ पडते. तारलीच्या तेलकट, उग्र चवीला तिरफळाइतका योग्य जोडीदार दुसरा नाही, असे मी पूर्ण खात्रीने म्हणेन.

पोषणाच्या दृष्टीने तारलीची बरोबरी करणारे स्वस्त अन्न थोडे आहे. प्रथिने, ओमेगा-3 मेदाम्ले, ड जीवनसत्त्व आणि ब-12 तिच्यात भरपूर असतात. लहान तारली मऊ शिजवून काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियम मिळते. ती प्लवकावर जगते, अन्नसाखळीत खालच्या पायरीवर असते आणि थोडीच वर्षे जगते, त्यामुळे मोठ्या शिकारी माशांच्या मानाने तिच्यात पारा फार कमी साठतो. तिच्यातले तेल वर्षभर सारखे नसते. अंडी घालून झिजलेल्या तारलीत ते 5 टक्क्यांच्या आत असू शकते, तर पावसाळ्यानंतर चरून पोसलेल्या तारलीत 15 टक्क्यांच्या वर जाते. जाणकार गिऱ्हाईक पावसाळ्यानंतरच्या तारलीची वाट पाहते ते यामुळे.

हेच तेल तिला नाशिवंतही करते. हवा लागली की ते लवकर खवट होते. शिवाय उन्हात पडलेल्या तारलीत जिवाणूंमुळे हिस्टामाइन तयार होते आणि ते शिजवल्याने जात नाही. असा मासा खाल्ल्यावर तोंड लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके दुखणे असे त्रास होतात. म्हणून तारलीला जाळ्यातून निघाल्यापासून बर्फ हवा. 4 लाख टनांच्या वर्षात तो पुरत नाही आणि चांगले अन्न फिशमीलकडे वळते. भरभराटीतले हे नुकसान टंचाईच्या चर्चेत कोणी मोजत नाही.

टंचाईच्या वर्षांत केरळच्या बाजारात ओमानची तारली आली. जात तीच असली तरी त्या समुद्रातली ती वेगळ्या साठ्याची मासळी आहे, आणि चव तशी नाही अशी तक्रार गिऱ्हाइके सर्रास करत. 2023 मध्ये संशोधन संस्थेने तारलीचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. भारतातल्या सागरी माशांत हे पहिल्यांदाच झाले. त्यामुळे निरनिराळ्या पाण्यांतले साठे वेगळे ओळखणे आता सोपे होईल आणि मासा संपला की सरकला, या वर उल्लेखलेल्या प्रश्नालाही त्यातून उत्तर मिळू शकेल.

2024: मासा आला, वाढला नाही

2023 आणि 2024 मध्ये केरळची आवक अनुक्रमे सुमारे 1 लाख 39 हजार आणि 1 लाख 49 हजार टन झाली. आकडे समाधानकारक वाटतात. पण 2024 च्या जूनमध्ये तारलीचा किरकोळ भाव किलोला 400 रुपयांच्या घरात गेला होता आणि त्याच वर्षी पावसाळ्यानंतर तो 20 ते 30 रुपयांपर्यंत कोसळला. कारण असे की पावसाळ्यानंतर किनाऱ्याजवळ आलेल्या तारलीचे थवे अफाट होते आणि मासे खुजे होते. महिने उलटले तरी त्यांची लांबी आणि वजन अपेक्षेप्रमाणे वाढेना. अनुकूल पावसाळ्यामुळे चारा माजला, एरवी मरणारी पिल्ले जगली, मग एवढ्या तोंडांना तो चारा पुरेना आणि वाढ खुंटली, असे स्पष्टीकरण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दिले.

या वर्षाने माझ्या वरच्या मांडणीपुढेही एक अडचण उभी केली आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. दाटीमुळे मासा 12 सेंटिमीटरलाच अडकला असेल तर 15 सेंटिमीटरची सरसकट मर्यादा त्या वर्षी मच्छीमारांना उपाशी ठेवेल आणि माशाचाही फायदा होणार नाही. उलट थोडी विरळणी झाली तर उरलेल्यांना चारा मिळेल. 2021 सारख्या वर्षी मात्र 14 सेंटिमीटरचा प्रत्येक मासा राखणे गरजेचे होते. म्हणून कायमची एकच लांबी ठरवण्याऐवजी दरवर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किनाऱ्याजवळच्या थव्यांची लांबी, वजन आणि अंडाशयाची अवस्था मोजून त्या हंगामापुरती मर्यादा जाहीर करणे योग्य ठरेल. मोजणारी यंत्रणा आहे, आवकेची दीर्घ मालिका आहे, पावसाळ्याचे आणि समुद्राच्या तापमानाचे उपग्रही आकडे आहेत. त्यांना बांधील असा कायदेशीर आदेश काढण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरलेले नाही. आणि मर्यादा वाढवलेल्या वर्षी खलाशांना बंदीच्या काळातील भत्त्यासारखी भरपाई मिळाली नाही तर तो आदेश कागदावरच राहील.

महाराष्ट्राचा या प्रकरणाशी संबंध दूरचा नाही. तारलीचे थवे राज्यांच्या हद्दी पाळत नाहीत; गोवा, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या पाण्यात येणारी तारली याच पश्चिम किनाऱ्यावरची आहे. पर्ससीन आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचे पारंपरिक जाळे, कर्नाटकात रांपणी) यांच्यातला झगडा इथेही जुना आहे. कर्नाटकात 1970 च्या दशकात पर्ससीन आल्यावर तिथली रांपणी झपाट्याने मागे पडली, आणि सिंधुदुर्गातल्या रापणकरांना आपल्या बाबतीत तीच भीती वाटत आली आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीनचे परवाने आणि हंगाम यांवर मर्यादा घातल्या आणि 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान लांबी ठरवली. केरळच्या अनुभवावरून पाहता यापुढचे काम बंदरावर सुरू झाले पाहिजे. मालवण, देवगड, रत्नागिरी येथे लिलावाआधी प्रत्येक खेपेतल्या शंभर-एक तारल्यांची लांबी मोजून तिची नोंद त्याच दिवशी फलकावर लावावी, आणि ती नोंद ठेवण्यात मच्छीमार सहकारी संस्थांचा माणूस मत्स्यव्यवसाय विभागाच्या माणसाबरोबर बसलेला असावा. पिल्लांचे प्रमाण एका ठरावीक टक्क्याच्या वर गेले की त्या भागात काही दिवस वेढा जाळी थांबवण्याचा निर्णय त्याच दोघांच्या सहीने व्हावा. मोजणी तारलीचीच आधी सुरू करावी, कारण तिची पिढी वर्षभरात बदलते आणि निर्णय बरोबर होता की चूक, हे पुढच्याच पावसाळ्यानंतर तपासता येते.